करवंद की जांभूळ

“सोमवार, बुधवार, शुक्रवार गावातली पोरं. मंगळवार, गुरुवार, शनिवार वाडीतली. मिटलं. आता चहाचं बघा कुणीतरी,” भाऊ ठोंबरे म्हणाले, आणि मास्क हनुवटीखाली ओढून त्यांनी पानाचा डबा उघडला.

शाळेच्या पडवीत आम्ही समितीची माणसं लांबलांब बसलो होतो. भाऊ खुर्चीवर, नागरगोजे सर बाकावर, बाकीचे सतरंजीवर आणि मी पार टोकाच्या खांबाला टेकून. तशी मी आजार यायच्या आधीपासून त्याच खांबाला बसायचे, त्यामुळे अंतर ठेवायला मला वेगळं काही शिकावं लागलं नाही.

मी चांगुणा मुकणे. सावरीच्या वाडीतली. आमची वाडी कातकऱ्यांची, नदीच्या अल्याड. पल्याड वाकसळ गाव, आणि मधे एक लाकडी साकव. शाळा एकच, ती गावात. शाळेच्या समितीत वाडीतली एक बाई असावीच लागते म्हणून मला घेतलेलं. काम काय, तर सही करायची आणि चहा प्यायचा. सही मला सुरेख येते. चहाही मी सुरेख पिते. त्या दिवसापर्यंत तिसरं काही मी त्या पडवीत केलं नव्हतं.

दीड वर्ष शाळेला कुलूप होतं. आता सरकारनं पाचवी ते सातवीचे वर्ग उघडायला सांगितले होते, पण एका बाकावर एकच पोर, आणि एका दिवशी निम्मीच पोरं. निम्मी कुठली, ते गावानं ठरवायचं. त्यासाठीच तर ही बैठक. भाऊ समितीचे अध्यक्ष, त्यांनी पान लावता लावता ठरवून टाकलं.

सर खाली बघून पेनाचं टोपण काढत होते, घालत होते. नागरगोजे सर बीडकडचे. माणूस सज्जन, पण भाऊंच्याच खोलीत भाड्यानं राहायचे, त्यामुळे सज्जनपणा जरा जपून वापरायचे.

मीही गप्प बसले असते. कशाला खोटं बोलू, सही करायला पुढेही सरकले होते. पण माझी रेश्मा सहावीत होती आणि दिवाळी महिन्यावर आली होती.

दिवाळी झाली की आमच्या वाडीत वीटभट्टीची गाडी येते. भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं सगळं गाडीत घालायचं आणि भट्टीवर जायचं ते पावसाच्या तोंडाशी परत. आदल्या रात्रीच माझा नवरा मंगळ्या म्हणाला होता, “हे बघ, शाळा धड चालू झाली तर राहू दे पोरीला म्हातारीजवळ. नाही तर इथं बसून काय करणार ती? चलू दे आपल्याबरोबर. धाकट्याला तरी सांभाळील.” मंगळ्या वाईट माणूस नाही. त्याचं म्हणणं बरोबरच होतं, म्हणून तर मला झोप लागली नाही. मी स्वतः तिसरीत असताना एका दिवाळीला अशीच धाकट्या भावाला सांभाळायला गाडीत चढले होते. शाळेच्या पायरीवर परत पाय ठेवला तो थेट समितीत. मधली सगळी वर्षं भट्टीत गेली. आणि रेश्माचं काही वेगळं होईल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते.

म्हणून मी तोंड उघडलं. “भाऊ, एक विचारू?”

सगळ्यांनी वळून खांबाकडे बघितलं. खांबच बोलला असं वाटलं असेल त्यांना.

“विचार की गो.”

“मंगळवारी सर लसीच्या ड्यूटीवर असतात. गुरुवारी तालुक्याला बैठकीला जातात. शनिवारी अर्धी शाळा. मग आमच्या पोरांना शिकवणार कोण? फळा?”

सरांचं टोपण खाली पडलं. ते उचलायला वाकले ते बराच वेळ वर आले नाहीत.

भाऊंनी पान गालात सरकवलं. “तसं मनात काही धरू नकोस चांगुणे. मी काय वाडीच्या वाईटावर आहे का? पण तुमची माणसं भट्टीवर जातात, कोळशाला जातात, दहा ठिकाणी फिरतात. आजार कोण कुठून घेऊन येईल, सांगता येतं का?”

आता बघा. गावात आजार आला होता तो भाऊंच्या पुतण्याच्या हळदीत. अर्धं गाव आडवं झालं होतं. वाडीत एकालाही साधी शिंक आली नव्हती, कारण हळदीला आम्हाला बोलावलंच नव्हतं. आणि त्यानंतर गावानं साकवावर बांबू आडवे बांधले ते आम्हाला अडवायला. बैठकीपुरते तेवढे सोडायचे, की परत बांधायचे. मी हे सगळं बोलून दाखवलं. आवाज चढवला नाही. हसत हसतच बोलले, मला तसंच येतं.

“त्या हळदीचं जेवण आम्हाला मिळालं नाही, भाऊ,” मी म्हटलं, “पण शिक्षा मात्र बरोबर पोचली.”

मास्कच्या आत कुणीतरी हसलं. भाऊंची सून सुलभावहिनी असावी, कारण तिनं लगेच पदर सारखा केला. तिची तन्वी रेश्माच्याच वर्गात, आणि धाकटा अथर्व पाचवीत. वहिनी बैठकीत कधी बोलायची नाही. सासऱ्यासमोर कशाला बोलेल?

भाऊंना राग आला, पण ते जुन्या वळणाचे, बाईमाणसावर ओरडायचे नाहीत. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. “बरं. मग तूच सांग. निम्मी पोरं एका दिवशी, निम्मी दुसऱ्या दिवशी. कसे पाडायचे वाटे? सांग, मी सही करतो.”

झालं का. बोलायचं ते बोलून बसले होते, पुढचं काही माझ्याजवळ नव्हतं. वर्गाप्रमाणे म्हणावं तर सातवीत पोरं जास्त. मुली एकीकडे, मुलगे एकीकडे म्हणावं, तर तेही जमेना. भाऊ मजेत पान चघळत होते.

तेवढ्यात मैदानातून आवाज आला. “वाघ की लांडगा?”

“लांडगा!”

बैठक संपेपर्यंत पोरं बाहेर थांबली होती. शाळा कधी सुरू होणार ते ऐकायला आलेली, गावातलीही आणि वाडीतलीही. थांबून थांबून कंटाळली आणि त्यांनी लंगडीचा डाव मांडला. डावाआधी आपण लहानपणी करायचो तेच करत होती. दोन कप्तान उभे राहतात. बाकीची दोघंदोघं गळ्यात हात टाकून लांब जातात, कानात गुपचूप नावं ठरवतात आणि परत येऊन कप्तानाला विचारतात, वाघ की लांडगा, डोंगर की दरी. कप्तान मागेल तो त्याचा. असे दोन संघ होतात, आणि कुणी भांडत नाही. मी भट्टीवरही हाच खेळ खेळले आहे, विटांच्या राशींमधून.

“भाऊ,” मी म्हटलं, “वाटे पाडायला मोठी माणसं कशाला हवीत? ती बघा. त्यांना रोजची सवय आहे. तीच पाडतील.”

सर पहिल्यांदा वर बघून म्हणाले, “हे बरं हाय की ओ भाऊ. कुणाची तक्रार नाही राहायची.”

भाऊंनी मैदानाकडे बघितलं. मग ते हसले, आणि ते हसणं मला आवडलं नाही.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “पोरं खोटं करत नाहीत. पण माझी एक अट. आपण मधे पडायचं नाही. जोड्या त्यांच्या त्यांनी लावायच्या. गावातलं पोर वाडीतल्याच्या गळ्यात हात टाकून उभं राहिलं, तर तू म्हणशील तसं. आणि पोरंच आपापल्यात उभी राहिली, तर त्यांना काय हवं ते त्यांनीच सांगितलं असं समजायचं. मग माझे वार. कबूल?”

मला काय माहीत पोरं कशी उभी राहतील? दीड वर्ष साकवावर बांबू होते. पण नाही म्हटलं तर रेश्मा गाडीत बसणार हे पक्कं होतं.

“कबूल,” मी म्हटलं.

सरांनी पोरांना बोलावलं. सांगितलं, की आता खेळायचं नाही, आता शाळेचे वार पाडायचे आहेत. एका संघाला सोम, बुध, शुक्र. दुसऱ्याला मंगळ, गुरू, शनी. मग म्हणाले, “आणि मी बी लसीच्या ड्यूटीचं बघतो. दोन्ही संघाला सारखंच शिकवणार.” हे त्यांनी भाऊंकडे न बघता सांगितलं. मी मनात त्यांना नमस्कार केला.

“लावा जोड्या,” सर म्हणाले.

पोरं जागची हलली नाहीत. एरवी धावाधाव करतात, हा माझा, ती माझी. त्या दिवशी उभीच. एकमेकांकडे बघत होती, कुजबुजत होती. रेश्मा माझ्याकडे पाठ करून उभी होती, तिच्या वेणीची रिबीन सुटलेली मला दिसत होती. तन्वी तिच्यापासून हातभर अंतरावर. दोघी काहीतरी बोलल्या. रेश्मानं मान हलवली. आणि तन्वी वळली, चालत गेली आणि गावातल्याच किमयाच्या गळ्यात तिनं हात टाकला.

मग बाकीची हलली. गावातला गावातल्याशी, वाडीतला वाडीतल्याशी. बघता बघता जोड्या लागल्या. रेश्मा आमच्या शेजारच्या पारूबरोबर उभी राहिली. एकसुद्धा जोडी गाव आणि वाडीची नव्हती. अथर्व तेवढा एकटा उरला होता, तो ओठ काढून उभा.

भाऊ एवढंच म्हणाले, “बघितलंस?”

मी बघितलं होतं. मोठी माणसं करतात त्याचं मला कधी वाईट वाटत नाही, सवय झालेली असते. पण पोरांनी केलं ते लागलं. मास्कचा एक फायदा असतो, रडलेलं अर्धंच दिसतं. मी उठले आणि सरांकडे सही करायला गेले. मनात मी रेश्माचे कपडे गोधडीत बांधायला घेतले होते.

“तन्वी,” सुलभावहिनी म्हणाली. “इकडे ये.”

तिचा आवाज त्या पडवीत मी पहिल्यांदाच ऐकला. भाऊंनीसुद्धा मान वळवली.

तन्वी आली, पायरीखाली उभी राहिली.

“रोज कुणाशी जोडी लावतेस?”

“रेश्माशी.”

भाऊंचं पान चघळायचं थांबलं. “रोज?” ते म्हणाले. “रोज कुठे भेटते ती तुला? साकव तर बंद आहे.”

“कातळावर,” तन्वी म्हणाली. नदीच्या मधोमध मोठा सपाट कातळ आहे, पाणी उतरलं की दोन्ही काठांवरून उड्या मारत तिथं जाता येतं. “आम्ही सगळेच असतो, आजोबा. अभ्यास पण तिथंच करतो. मोबाइलवर सरांचे धडे येतात ना, ते घरात उघडत नाहीत.”

“रेंज नाही घरात,” वहिनी खाली बघून म्हणाली. “कातळावर येते. मीच देत होते मोबाइल, मामंजी.”

आणि मला मे महिना आठवला. त्या वर्षी आजारामुळे भट्टी लवकर बंद पडली होती आणि आम्ही वाडीतच होतो. रेश्मा रोज दुपारी पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन जायची आणि रिकामा द्रोण घेऊन यायची. विचारलं की म्हणायची, एकीला आवडतात. मला वाटलं होतं वाडीतलीच कुणी असेल.

“मग आज तिच्याशी का नाही लावलीस?” वहिनीनं विचारलं. “आजोबांना भ्यालीस?”

तन्वीनं आईकडे असं बघितलं, जणू आईला काहीच कळत नाही. “मम्मी, जोडी फुटते ना. जिच्याशी जोडी लावायची ती समोरच्या संघात जाते. रेश्माशी लावली असती तर ती एका दिवशी आली असती आणि मी दुसऱ्या दिवशी.” मग तिनं मैदानाकडे बोट केलं. “दीड वर्षानं शाळा सुरू होतेय. मला तिच्या दिवशी यायचंय. सगळ्यांनी तसंच केलंय. बबनला सुजलबरोबर यायचंय, पारूला स्नेहलबरोबर. म्हणून कुणी आपल्या जोडीदाराबरोबर उभं नाही राहिलं.”

मी पायरीवरच बसले. खांब लांब राहिला होता.

आम्ही सगळी मोठी माणसं, हा खेळ खेळून मोठी झालेली. जोडी फुटते हे विसरायला आम्हालाच जमतं. गळ्यात हात दिसला की आम्ही समजलो, ही एकत्र. नाही दिसला की समजलो, ही वेगळी.

भाऊ खुर्चीतून उठले आणि पायरीच्या कडेला जाऊन पान थुंकून आले. परत बसले नाहीत, उभेच राहिले. मैदानात पोरं जोड्या धरून ताटकळत होती, प्रत्येकाची नजर भलत्याच जोडीतल्या कुणावर तरी.

“फुटते खरी,” ते म्हणाले. स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “तुझा सासरा काळू. आट्यापाट्यात माझी जोडी त्याच्याशी असायची. माझ्या ताकदीचं गावात दुसरं कोण नव्हतं. म्हणून आम्ही कधी एका संघात नाही खेळलो.” मग म्हणाले, “तो मला रोज हरवायचा.”

“ते सांगायचे,” मी म्हटलं. खरं तर सासरा मला आठवतही नाही, माझ्या लग्नाआधीच गेला. पण तेवढं खोटं चालतं.

“काय सांगायचा?”

“की भाऊ हरले तरी रडीचा डाव खेळायचे नाहीत.”

भाऊंनी माझ्याकडे नीट बघितलं. मी त्यांना कोपऱ्यात घेतलंय हे त्यांना कळलं आणि कळलेलं मला कळलं. मग ते खरोखरचं हसले, मिशीत.

“चल,” ते म्हणाले. “एक कप्तान मी, दुसरी तू. ऊठ.”

आता मला सांगा, कुणी कधी बघितलं असेल? वाकसळच्या शाळेच्या मैदानात, एका बाजूला पांढऱ्या टोपीतले भाऊ ठोंबरे आणि समोर मी, नऊवारीचा काष्टा वर खोचून, पायात चप्पल नाही. पोरं हसायला लागली. सरांनी मोबाइल काढला होता, पण वहिनीनं खुणेनं नको म्हटलं.

एकेक जोडी येऊ लागली. डोंगर की दरी? भाऊंनी डोंगर मागितला, तर वाडीतला बबन त्यांच्यामागे जाऊन उभा राहिला. त्याच्या जोडीदाराला मी घेतलं. ऊन की सावली? मी सावली मागितली, तर गावातला सुजल उड्या मारत माझ्याकडे. बबन आणि सुजलनं तोंड पाडलं, पण इलाज नव्हता. काहींचं जमत होतं, काहींचं नव्हतं. भाऊंच्या मागे वाडीतली पोरं उभी राहत होती आणि माझ्यामागे गावातली, आणि उलटही. कुणालाच काही वाटत नव्हतं. त्यांना एकच काळजी होती, आपलं माणूस कुठे जातं.

रेश्मा आणि पारू आल्या. “मासा की खेकडा?”

भाऊंची पाळी. “खेकडा,” ते म्हणाले.

रेश्मा खेकडा होती. ती भाऊंच्या मागे जाऊन उभी राहिली. त्यांच्या धोतराला तिचा फ्रॉक लागत होता आणि ते सरकले नाहीत. रेश्माचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं, ती तन्वीकडे बघत होती.

तन्वी आणि किमया शेवटी आल्या. पाळी माझी. मी मागेन ती माझी, उरेल ती भाऊंची, म्हणजे रेश्माच्या वारांची. तन्वीचं नाव काय असेल ते मला माहीत नाही आणि ते सांगायचं नसतं. तन्वीनं डोळे मिटून घेतले होते. खोटं करायचं नाही म्हणून मिटले असावेत.

“करवंद की जांभूळ?” किमयानं विचारलं.

मे महिन्यातले ते सगळे द्रोण माझ्या डोळ्यांसमोर आले. एकीला आवडतात.

“जांभूळ,” मी म्हटलं.

किमया माझ्याकडे आली. तन्वीनं डोळे उघडले आणि ती अशी धावली, की भाऊंची टोपी पडली. रेश्मानं ती उचलून, फुंकर मारून त्यांच्या हातात दिली. भाऊंनी घेतली आणि डोक्यावर ठेवली.

“चांगली पोर सोडलीस तू,” भाऊ म्हणाले. “लंगडीत तिला कुणी धरत नाही.”

“असू दे, भाऊ. तुमचीच आहे ती.”

अथर्व राहिला होता, एकटा. जोडी नाही. पोरं ओरडली, “लिंबूटिंबू!” आणि ते बरोबरच होतं. जो उरतो तो लिंबूटिंबू, तो दोन्ही संघांतून खेळतो. म्हणजे अथर्वनं सहाही दिवस शाळेत यायचं. बिचारा भोकाड पसरून रडला. पण भाऊंना काय आनंद झाला म्हणून सांगू. पुढे महिनाभर जो भेटेल त्याला सांगत होते, आमचा अथर्व रोज जातो, बाकीची निम्मीच.

नवरात्रात शाळा उघडली. साकवावरचे बांबू कुणी सोडले कळलं नाही, सकाळी बघितलं तर नव्हते. सरांनी खरोखरच लसीची ड्यूटी बदलून घेतली, आणि गुरुवारच्या बैठकीला शाळा सुटल्यावर जायला लागले. मंगळ्या दोन-तीनदा मला न सांगता शाळेपर्यंत जाऊन आला. आल्यावर म्हणाला, “चाललीय धड.” त्याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

आता रेश्मा तालुक्याला हायस्कुलात आहे. तन्वी पनवेलला शिकते, आणि सुट्टीत आली की आधी वाडीत येते, मग घरी जाते. यावरून सुलभावहिनी तिला रागे भरते आणि मला खुशाल हसू येतं. समितीच्या बैठकीत मी अजून खांबालाच टेकून बसते. आता कुणी बसवत नाही, पाठ दुखते म्हणून बसते. भाऊ त्यांची खुर्ची खांबाजवळ आणून ठेवतात, ऐकायला कमी येतं म्हणे.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो दिवाळीनंतरचा बुधवार. भट्टीची गाडी वाडीतून निघाली. मी भांड्यांच्या बोचक्यावर बसले होते, धाकटा मांडीवर. रेश्माला सकाळीच म्हातारीच्या हवाली केलं होतं आणि ती दप्तर घेऊन गेली होती. ती मागे वळून बघत बघत गेली आणि मी कोरड्या डोळ्यांनी हात हलवला, ते एक मला जमतं. गाडीचा रस्ता लांबच्या पुलावरून वळसा घालून शाळेच्या खिडक्यांखालून जातो. माझ्या मनात होतं, तिला हाक मारायची. ती खिडकीशी येईल, हात करील.

गाडी खिडकीजवळ हळू झाली. आत पोरं बसली होती, एका बाकावर एकच, नियमाप्रमाणे. फक्त खिडकीजवळच्या एका बाकावर दोघी होत्या. एका पुस्तकावर वाकलेल्या, दोन डोकी जवळजवळ, एक तेल लावलेलं आणि एक शाम्पूचं. रेश्मा बोट ठेवून काहीतरी वाचत होती आणि तन्वी ऐकत होती. एवढी मोठी गाडी घरघरत खिडकीखालून चालली होती, वाडीतली सगळी माणसं तिच्यात होती, रेश्माची आई होती.

“मार की हाक,” मंगळ्या म्हणाला.

मी मारली नाही. गाडी पुढे गेली तरी रेश्मानं वर बघितलं नाही, आणि मला फार बरं वाटलं.